हजयात्रेतील दुआ : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

वाचकहो, हजला जाणाऱ्यांच्या यादीत नाव लागले, पैशाची जुळवाजुळव झाली, पासपोर्ट हाती आला, लसी टोचून झाल्या, की आपल्याकडील वडीलधाऱ्या मंडळींना एक निराळीच चिंता लागते. ही चिंता प्रवासाची नसते आणि गर्दीचीही नसते. "मला अरबी येत नाही, तिथे मी वाचू काय?" ही ती चिंता. मारेगावसारख्या लहान गावात शिक्षकाच्या घरी माणसे केवळ शाळेच्या कामासाठी येत नाहीत. अर्ज लिहून घ्यायला येतात, पत्र वाचून घ्यायला येतात आणि हजच्या आधी दुआंची चोपडी घेऊनही येतात. आमच्या मोहल्ल्यातील एक वृद्ध बाई अशीच चोपडी घेऊन आल्या होत्या. तीत काबागृहाच्या सात फेऱ्यांसाठी सात स्वतंत्र अरबी दुआ होत्या, प्रत्येक जवळजवळ पानभर. दोन महिने पाठ करूनही पहिल्या फेरीची दुआ त्यांच्या तोंडी बसली नव्हती. "सर, हे आलं नाही तर माझा हज होणार नाही का?" असे त्यांनी विचारले, तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होते.

प्रस्तुत लेखाचे निमित्त तो प्रश्न आहे. मी आलिम नाही, इतिहास शिकविणारा शिक्षक आहे. मसला विचारायचा तर तो आलिमांनाच विचारावा. परंतु या दुआ कोठून आल्या, कोणत्या काळी आल्या, आणि आपल्या भागातील हाजी त्या कशा म्हणत आले, हा इतिहासाचा विषय आहे, आणि तो आपण सर्वांनी जाणून घेण्याजोगा आहे.

हज ही मुळात एका दुआची कहाणी आहे. हजरत इब्राहीम (अ.) यांनी आपली पत्नी हजरत हाजरा आणि तान्हे बाळ इस्माईल यांना जेथे आणून सोडले, ते ओसाड खोरे होते. तेथे शेती नव्हती, पाणी नव्हते, वस्ती नव्हती. तेथून परतताना त्यांनी जे मागणे मागितले ते पवित्र कुरआनात सूरा इब्राहीममध्ये आले आहे. त्यांनी राज्य मागितले नाही. लोकांची मने या खोऱ्याकडे ओढ घेवोत आणि येथे राहणाऱ्यांना फळफळावळ मिळो, एवढेच मागितले. सूरा बकरामध्ये या शहराला शांतता लाभावी अशीही त्यांची प्रार्थना आहे. पुढे हजरत हाजरा पाण्यासाठी सफा आणि मरवा या दोन टेकड्यांमध्ये धावल्या. आज लाखो लोक त्याच वाटेने सात खेपा घालतात, तिला सई म्हणतात. एका आईच्या धावपळीला जगातील एवढ्या मोठ्या समुदायाने उपासनेचे स्थान दिले, याकडे आपले लक्ष पुरेसे जात नाही असे मला वाटते.

आता तलबिया पाहू. 'लब्बैक' या शब्दाने सुरू होणारा हा उच्चार आपल्यातील लहान मुलांनाही पाठ असतो. 'हजर आहे' असा त्या शब्दाचा अर्थ. शाळेत हजेरी घेताना मुले 'हजर' म्हणतात, त्याच जातीचा हा शब्द, हे मी विद्यार्थ्यांना सांगतो तेव्हा ती हसतात. पण मग विसरत नाहीत. हजर आहे, तुला कोणी भागीदार नाही, स्तुती, कृपा आणि सत्ता तुझीच आहे, असा त्याचा एकूण आशय. इस्लामपूर्व काळातही अरब टोळ्या हजला येत आणि प्रत्येक टोळीची तलबिया निराळी असे. नवव्या शतकाच्या आरंभी होऊन गेलेले इब्नुल कल्बी यांनी अरबांच्या मूर्तींविषयी जो ग्रंथ लिहिला, त्यात या जुन्या तलबियांची माहिती मिळते. काही टोळ्या ईश्वराला भागीदार नाही असे म्हणून लगेच पुढे जोड देत, की एक भागीदार मात्र आहे, आणि तोही तुझ्याच मालकीचा! प्रेषित मुहंमद (स.) यांनी ही जोड काढून टाकली. घोष जुनाच राहिला, शिर्क तेवढा गेला. एखाद्या परंपरेतील सुधारणा कशी होते याचे याहून नेमके उदाहरण इतिहासाच्या शिक्षकाला क्वचितच सापडेल.

प्रेषितांनी हिजरी सन १० मध्ये, म्हणजे इसवी सन ६३२ मध्ये, जो एकमेव हज केला त्याला 'हज्जतुल विदा' म्हणतात. त्याचे सर्वांत तपशीलवार वर्णन हजरत जाबिर बिन अब्दुल्लाह यांनी केलेले असून ते सहीह मुस्लिममध्ये आहे. जाबिर तेव्हा फार वृद्ध झाले होते, त्यांची दृष्टी गेली होती. हजरत हुसैन यांचे नातू मुहंमद बाकर त्यांच्याकडे गेले आणि त्यांनी त्या हजविषयी विचारले. त्या अंध वृद्धाने मदीनेहून निघण्यापासून सारे काही क्रमाने सांगितले. त्यात आपल्या विषयाच्या दृष्टीने एक वाक्य फार मोलाचे आहे. लोक तलबिया आपापल्या शब्दांत म्हणत होते, प्रेषितांनी त्यांना हटकले नाही. स्वतः मात्र ते आपल्याच शब्दांवर कायम राहिले. हजरत अब्दुल्लाह बिन उमर हेही तलबियेला स्वतःचे काही शब्द जोडत, असे त्याच ग्रंथावरून दिसते.

त्या हजमध्ये प्रेषितांनी कोठे काय म्हटले, हे जाबिर यांच्या कथनावरून आणि इतर हदीसांवरून कळते. सफावर चढून काबागृहाकडे तोंड करून त्यांनी ईश्वराची थोरवी गायली, तीन वेळा, आणि मधूनमधून दुआ मागितली. अरफातच्या मैदानात ते आपल्या सांडणीवर बसून सूर्य मावळेपर्यंत किब्ल्याकडे तोंड करून राहिले. मुज्दलिफामध्ये पहाट उजळेपर्यंत दुआ केली. खडे मारताना प्रत्येक खड्याबरोबर तकबीर म्हटली. पुढील दिवसांत पहिल्या दोन जमरातींपाशी थांबून दीर्घ दुआ मागितली, तिसरीपाशी थांबले नाहीत. तवाफच्या बाबतीत रुक्ने यमानी आणि हजरे अस्वद या दोन कोपऱ्यांच्या मध्ये म्हणावयाची सूरा बकरामधील छोटीशी दुआ सांगितली जाते. इहलोकीचे भले, परलोकीचे भले आणि आगीपासून बचाव, अशा तीन मागण्या तीत आहेत. आपल्याकडे ती बहुतेक प्रत्येक नमाजीला पाठ असते. आणि सात फेऱ्यांच्या सात दुआ? हदीसतज्ज्ञ सांगतात की, फेरीनिहाय अशी वाटणी प्रेषितांनी केल्याचा दाखला नाही. मजकूर चांगला आहे, त्यातील कित्येक दुआ कुरआन-हदीसमधल्याच आहेत. परंतु पहिल्या फेरीला ही आणि दुसऱ्या फेरीला ती, हा नियम नंतरच्या लोकांनी सोयीसाठी लावला.

येथे हनफी परंपरेतील एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. आपल्या विदर्भातील बहुसंख्य मुसलमान हनफी आहेत, म्हणून ती आपल्या घरचीच गोष्ट म्हणता येईल. इमाम अबू हनीफा यांचे शिष्य इमाम मुहंमद (मृत्यू इ. स. ८०५) यांनी फिक्हचा मोठा ग्रंथ लिहिला. पण त्यात हजच्या स्थळांसाठी एकही दुआ ठरवून दिली नाही. बाराव्या शतकातील 'हिदाया' या प्रसिद्ध ग्रंथात बुर्हानुद्दीन मर्गीनानी यांनी याचे कारण नोंदविले आहे : ठरवून दिलेल्या शब्दांमुळे मनाचा ओलावा नाहीसा होतो. प्रेषितांपासून आलेले शब्द म्हटले तर उत्तमच, पण बंधन नाही, असा त्यांचा अभिप्राय. साडेआठशे वर्षांपूर्वी फरगाण्याच्या खोऱ्यात बसून लिहिणाऱ्या या विद्वानाला जणू आमच्या मोहल्ल्यातील बाईंचे डोळे दिसले होते! त्याच ग्रंथात आणखी एक मुद्दा आहे. एहराम सुरू करताना ईश्वराची थोरवी सांगणारा उच्चार फारसीत केला तरी चालतो, असे तेथे म्हटले आहे. फारसीच का? कारण त्या प्रदेशातील लोकांच्या बोलण्याची भाषा ती होती. नमाजमधील पठणाचा प्रश्न वेगळा, त्याची येथे सरमिसळ करू नये. परंतु अरफातच्या मैदानात हात उचलून मागताना मारेगावच्या माणसाने आपल्या बोलीत मागितले तर ते पोहोचेल की नाही, या शंकेला आपल्याच मजहबच्या ग्रंथात जागा उरत नाही.

मग सात दुआंची पद्धत रूढ कशी झाली? याचे उत्तर मला मक्केतील मुतव्विफांच्या व्यवसायात दिसते. बाहेरून येणाऱ्या हाजींना तवाफ करविणारे हे लोक पिढीजात. आपल्याकडील हाजी त्यांना मुअल्लिम म्हणतात. ते पुढे चालत, मोठ्याने दुआ म्हणत आणि मागचा जमाव त्यांच्यामागे शब्द उच्चारी. जावा, बंगाल, तुर्कस्तान, वऱ्हाड, कोठलाही माणूस असो, या पद्धतीत निरक्षराचेही काम होत असे. फेरीला एक दुआ असली की मोजणीही चुकत नसे. पुढे छापखाने आले आणि मुअल्लिमांच्या तोंडचा मजकूर चोपड्यांत उतरला. हिंदुस्थानात इब्नुल जजरी यांचे 'हिस्ने हसीन' आणि मुल्ला अली कारी यांचे 'अल् हिज्बुल आजम' हे दुआसंग्रह आधीपासून मान्यता पावलेले होते. विसाव्या शतकात सहारनपूरच्या मुफ्ती सईद अहमद यांचे 'मुअल्लिमुल हुज्जाज' हे उर्दू पुस्तक हाजींच्या सामानात हमखास असे. देवनागरीत उच्चार देणाऱ्या चोपड्या आल्या तेव्हा मराठी शाळेत शिकलेल्यांची मोठी सोय झाली, हे मान्य केले पाहिजे. मात्र 'ऐन', 'हे', 'काफ' या अक्षरांचे उच्चार देवनागरीत पुरते उतरत नाहीत. त्यामुळे अर्थ माहीत नाही आणि उच्चारही धड नाही, अशा दुहेरी अडचणीत वाचणारा सापडतो. पुस्तक हातात धरून गर्दीत चालणे हीसुद्धा आता सोपी गोष्ट राहिलेली नाही.

आता मार्गाकडे वळू, कारण या सर्व दुआ मार्गातच शिकल्या जात. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरून मक्केला जाण्याची परंपरा जुनी आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील दाभोळ हे दख्खनच्या सुलतानांचे बंदर. तेथे खाडीकाठी एक देखणी जुनी मशीद उभी आहे. तिच्याविषयी अशी आख्यायिका आहे की, विजापूरची राजकन्या आयेशाबीबी १६५९ च्या सुमारास हजला निघून दाभोळला आली, समुद्रातील चाचांच्या भयाने तिला पुढे जाता आले नाही, आणि यात्रेसाठी आणलेले धन तिने या मशिदीच्या बांधकामाला लावले. हे भय पोकळ नव्हते. मोगलांच्या काळात सुरत हे हजचे मुख्य बंदर होते, तेथूनच अकबराची आत्या गुलबदन बेगम हजला गेली आणि १५८२ साली परतली. १६९५ साली हाजींना घेऊन परतणारे औरंगजेबाचे 'गंज-ए-सवाई' हे जहाज इंग्रज चाचा हेन्री एव्हरी याने सुरतेजवळ लुटले. समुद्रात पाऊल ठेवताना हजरत नूह (अ.) यांच्या नौकेची दुआ का म्हणत, हे यावरून समजावे.

पुढे सुरतेची जागा मुंबईने घेतली. रेल्वे १८६७ मध्ये नागपूरपर्यंत पोहोचली आणि सुएझ कालवा १८६९ मध्ये खुला झाला. भोपाळच्या सिकंदर बेगम १८६३-६४ मध्ये मुंबईमार्गेच हजला गेल्या होत्या. त्यांच्या प्रवासवृत्ताचे इंग्रजी भाषांतर १८७० मध्ये प्रसिद्ध झाले. १८७७ साली मुंबईत जी जहाज कंपनी निघाली, ती पुढे मोगल लाइन या नावाने घराघरांत माहीत झाली. रिझवानी, इस्लामी, मुहम्मदी, मुझफ्फरी, अकबर, नूरजहाँ ही तिच्या जहाजांची नावे जुनी माणसे नातेवाइकांची नावे घ्यावीत तशी घेतात. सरकारने १८८६ मध्ये हाजींच्या वाहतुकीचे काम टॉमस कुक कंपनीकडेही सोपवून पाहिले, पण ते थोड्याच वर्षांत संपले. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि १८९७ मध्ये मुंबईहून हजला जाण्यास बंदी घालण्यात आली. असे पुन्हा होईल असे आपल्या पिढीला वाटले नव्हते. तरी कोरोनामुळे २०२० आणि २०२१ या दोन्ही वर्षी भारतातून कोणालाही हजला जाता आले नाही.

आमचा हा भाग एके काळी 'वणी जिल्हा' म्हणून ओळखला जाई; यवतमाळ हे नाव जिल्ह्याला १९०५ मध्ये मिळाले. येथील हाजीचा प्रवास बैलगाडीने सुरू होई आणि पुढे रेल्वेने मुंबई. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळच्या साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात देशभरचे हाजी उतरत. जहाज सुटण्याची वाट पाहत तेथे दिवस काढावे लागत, आणि मग समुद्रावर आठवडा-दहा दिवस. वाचकहो, हा काळ आज आपल्याला वाया गेलेला वाटेल. वस्तुतः तीच हाजीची शाळा होती. जहाजावर पाचही वेळा जमातने नमाज होई, जाणकार मंडळी मसले समजावीत, आणि ज्याला तलबिया येत नाही त्याला शेजारचा शिकवी. दिवसभर कानावर तेच शब्द पडत असल्याने निरक्षर माणसाच्याही तोंडी ते आपोआप बसत. पुस्तकाची गरज भासत नव्हती, संगत पुरत होती. तांबड्या समुद्रात कामरान बेटावर जहाज थांबे. तेथे १८८२ पासून विलगीकरणाचे ठाणे होते, हाजींना उतरवून आंघोळी घातल्या जात, कपडे वाफेत घातले जात. त्या ठाण्याविषयी कोणाचेही मत चांगले नव्हते, आणि १९५२ मध्ये ते बंद झाले.

आणि मग यलमलम. हिंदुस्थानातून समुद्रमार्गे जाणाऱ्यांची ही मिकात, म्हणजे एहरामशिवाय पलीकडे जाऊ नये अशी हद्द. समुद्रातून तो डोंगर दिसत नाही. जहाज त्याच्या समोर आल्याची सूचना भोंगा वाजवून दिली जाई. त्याआधीच पुरुषांनी आंघोळ करून दोन बिनशिवलेल्या पांढऱ्या चादरी अंगावर घेतलेल्या असत. भोंगा वाजला की साऱ्या जहाजावर एकदम तलबियेचा घोष सुरू होई. कापूस विकून आलेला वऱ्हाडी शेतकरी आणि मुंबईचा व्यापारी, दोघांच्या अंगावर तेच कापड, तोंडी तोच शब्द.

स्वातंत्र्यानंतर १९५९ मध्ये हज समितीचा कायदा झाला. त्याच वर्षी रिझर्व्ह बँकेने हाजींसाठी दहा आणि शंभर रुपयांच्या खास नोटा काढल्या. त्यांच्या क्रमांकाआधी 'एच ए' ही अक्षरे असत. १९९५ नंतर मुंबई-जेद्दा हा जहाजाचा मार्ग बंद झाला आणि सर्व हाजी विमानाने जाऊ लागले. २०२४ साली भारताचा कोटा १,७५,०२५ होता. विदर्भातील हाजींना आता मुंबईपर्यंत जाण्याचीही गरज राहिलेली नाही. नागपूरहूनच विमान सुटते. हे सर्व चांगलेच झाले, वृद्ध आणि आजारी माणसांचे हाल वाचले. पण जहाजावरची ती दहा दिवसांची शाळा मात्र गेली. आता मिकात काही तासांत येते आणि विमानातली सूचना ऐकेपर्यंत मागेही पडते. म्हणून पुष्कळ जण विमानात चढण्याआधीच एहराम बांधतात. जे समुद्रावर हळूहळू मुरत होते, ते आता घरीच शिकून निघावे लागते. हज समितीच्या वतीने आणि ठिकठिकाणच्या संस्थांतर्फे प्रशिक्षण शिबिरे होतात. त्यांतील बराच वेळ सामान, कागदपत्रे आणि राहण्याची व्यवस्था यांत जातो. तोही जरूरीचाच आहे. परंतु दुआ शिकवायची म्हणजे चोपडीतील मजकूर घोकून घ्यायचा, ही समजूत तेथेही आढळते.

त्या बाईंना मी गावातील मौलवीसाहेबांकडे घेऊन गेलो. मौलवीसाहेबांनी चोपडी बाजूला ठेवली. तलबिया म्हणून घेतली, ती त्यांना शुद्ध येत होती. कोपऱ्याजवळची छोटी दुआ म्हणून घेतली, तीही येत होती. "अम्मा, बाकी जो दिल में है वो बोलो, जैसे घर में बोलते," एवढेच ते म्हणाले. त्यानंतर आम्ही वेगळाच अभ्यास केला. त्या मागणे सांगत गेल्या आणि मी वहीत लिहीत गेलो. त्यांना वाचता येत नव्हते, पण लिहिलेले जवळ असले की त्यांना धीर वाटे. यादीत काय नव्हते? मुलाचा गुडघा, सुनेची बाळंतपणे, नातवाची दहावी, वारलेल्या जावेसाठी क्षमा. शेजारच्या कुणबी कुटुंबाने पावसासाठी मागायला सांगितले होते, तेही लिहून घेतले. त्या घरचा कर्ता दोन वर्षांपूर्वी कर्जापायी गेला होता. त्याच्या बायकोचे नाव वहीच्या पहिल्याच पानावर लिहायला त्यांनी मला सांगितले. काही मागण्या त्यांनी मला सांगितल्या नाहीत.

दुसऱ्यासाठी दुआ नेण्याची ही रीतही आजकालची नव्हे. हजरत उमर उमरा करण्यास निघाले तेव्हा प्रेषितांनी त्यांना भाऊ म्हणून संबोधले आणि आपल्या दुआमध्ये आम्हाला विसरू नका असे सांगितले, असे हदीसच्या ग्रंथांत आहे. हेच ते उमर, ज्यांनी पुढे हजरे अस्वदचे चुंबन घेताना, तू केवळ एक दगड आहेस, तुझ्यात हित करण्याचे सामर्थ्य नाही की अहित करण्याचे, प्रेषितांना करताना पाहिले म्हणून मी हे करतो, असे सर्वांदेखत सांगितले होते. निघण्याआधी घरोघर जाऊन कहासुना माफ करून घेण्याची जी चाल आपल्याकडे आहे, तीत हिंदू-मुसलमान असा भेद मी तरी पाहिलेला नाही. ज्याच्याशी बांधावरून भांडण असते त्याच्याही दारात हाजी जातो, आणि कित्येक जुनी भांडणे तेथेच मिटतात.

परतणाऱ्या हाजीने घरात पाऊल टाकण्यापूर्वी त्याला भेटावे आणि आपल्यासाठी क्षमेची दुआ करावयास सांगावे, असाही संकेत आहे. त्यामुळे नागपूरहून येणारी गाडी मारेगावच्या बसस्थानकावर थांबली, की हाजीला घर गाठायला तास-दीड तास लागतो. माणसे हार घेऊन उभी असतात, आवे जमजमच्या बाटल्यांची वाटणी पुढे घरी होते, पण दुआ मात्र रस्त्यातच मागितली जाते. त्या बाई परतल्या तेव्हा पाऊस सुरू होता. लोकांनी त्यांना छत्रीखाली थांबवून धरले, त्यांनी हात वर केले आणि मोठ्याने दुआ मागितली. सुरुवातीचे शब्द अरबी होते, नंतरचे सगळे आमच्या गावच्या बोलीत.